गेममधला चौकीदारच मालवी का बोलतो?

गराडू_प्रेमी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या. प्रश्न कामाचा आहे पण एकट्याच्या डोक्यात सुटत नाहीये.

इथे इंदूरमध्येच एका छोट्या टीमसाठी मी मोबाइल गेमचे संवाद लिहितोय. पाच जण, एक खोली, एक एसी, तोही ज्याच्या डोक्यावर आहे त्यालाच लागतो. गेम असा की माळव्यात एक जुना वाडा आहे, कॉलेजातली मुलगी आजोबांचे कागद शोधायला तिथे जाते, आत कोडी, थोडंफार भूत. बोलणारी पात्रं चारच. मुलगी, फोनवरची आजी, वाड्याचा चौकीदार आणि वाड्यावर डोळा असलेला बिल्डर. गेम हिंदीत, आजी तेवढी मराठीत. ठरलं असं की मुलगी स्वच्छ हिंदी बोलणार, बिल्डर अर्धं इंग्रजी झाडणार आणि चौकीदाराबद्दल आमचे साहेब म्हणाले, "उसको मालवी दे दो, मजा आएगा."

दिली. माझी मालवी म्हणजे लहानपणी भाजीवालीशी बोललेली तेवढीच, पण "रियो हे, जई री हे" टाकलं की काम भागतं असा समज. आवाजासाठी सांवेरकडून दूध घेऊन येणारे एक काका मिळाले, साठीचे, आवाज असा की गाय हाक ऐकून शेतातून घरी येईल. रेकॉर्डिंग म्हणजे भिंतीला गाद्या टेकवलेली खोली आणि पंखा बंद. काकांनी सगळे डायलॉग वाचले, कुठे अडले नाहीत, तक्रार नाही. घाम पुसत बाहेर आले आणि चहा पिताना एवढंच विचारलं, "भिया, बाकी कोई नी बोले असो? एकलो मैं?"

मी म्हटलं हो काका, तुमचंच पात्र तसं आहे. ते "अच्छा" म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

त्या "अच्छा"ने दोन दिवस झोप उडवलीये. गेम खेळणाऱ्यांनी सांगा, सगळीकडे असंच असतं का? बोली द्यायची ती हसवणाऱ्याला नाहीतर मार खाणाऱ्याला?

पुणेरी_पाटी

कारण मजा येते. त्यात एवढं झोप उडण्यासारखं काय? चौकीदाराने काय साजूक तुपातली हिंदी बोलायची?

पोहे_जिलबी

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहिते.

लेव्हल_नव्वद

गराडू भाऊ, सगळीकडे असंच असतं आणि त्याला कारणही आहे. सिनेमात पात्र उभं करायला दहा मिनिटं मिळतात, गेममध्ये खेळणारा धावत येतो, बटण दाबतो, अर्धं वाक्य ऐकतो आणि पुढचं स्किप करतो. त्या दोन सेकंदांत हा कोण हे कळायला हवं. मग स्वस्तातला उपाय म्हणजे ॲक्सेंट.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घ्या, २००४ चा. बुटके स्कॉटिश बोलतात, ट्रोल लोक जमैकाच्या ढंगात "मॉन, मॉन" करतात. टोरेन नावाचे बैलमुखी लोक आहेत, त्यांचे तंबू, पिसं आणि संथ गंभीर बोलणं थेट अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरून उचललेलं. म्हणजे जग काल्पनिक, नकाशा काल्पनिक, पण बोलण्याची उतरंड आपल्याच जगातली. माणसांचा राजा मात्र कुठल्याच गावचा बोलत नाही. त्याचं बोलणं म्हणजे "नुसती भाषा", इतरांची ती "बोली".

आणि बुटके स्कॉटिश हे इतकं रुळलंय की २००९ मध्ये ड्रॅगन एज आला आणि त्यातले बुटके अमेरिकन ॲक्सेंटमध्ये बोलले तर लोकांना चुकल्यासारखं वाटलं. त्या बुटक्यांच्यात चक्क जाती आहेत बरं का, जातीबाहेर टाकलेलेसुद्धा आहेत, आणि तुम्ही त्यांच्यातला एक होऊन गेम सुरू करू शकता. पण सरदार असो नाहीतर जातीबाहेरचा, ॲक्सेंट साधारण तोच. मला तेव्हा ते आवडलं होतं. आता विचार करतोय की खरंच असं असेल का, उतरंड असेल तर ती जिभेवर येणारच ना.

सगळ्यात लाडकं उदाहरण स्कायरिममधले खजीत. मांजरमुखी फिरते व्यापारी, ते स्वतःला "मी" म्हणतच नाहीत. "खजीतकडे माल आहे, तुमच्याकडे पैसे असतील तर." ऐकायला गोड. पण त्यांना शहराच्या वेशीत घेत नाहीत, बाहेर तंबू ठोकून बसतात आणि सगळे त्यांना चोर समजतात. खेळताना मी पण समजायचो, खोटं कशाला बोलू. एकदा पिशवीतून काहीतरी गेलं तर पहिला संशय त्यांच्यावर. नंतर कळलं मीच विकलं होतं.

बडोद्याची_ताई

मी गेम खेळत नाही पण माझा बारा वर्षांचा खेळतो आणि त्याचे सगळे आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येतात. परवा तो सोसायटीच्या वॉचमनशी वेगळ्याच आवाजात बोलत होता. म्हटलं हे काय रे, तर म्हणे गेममध्ये असंच बोलतात. वॉचमनदादा बिचारे हसले. मी नाही हसले. घरी आणून विचारलं, तू आजोबांशी असं बोलशील का, तर गप्प.

आमचं बडोद्याच्या मराठी लोकांचं आणखी वेगळं. गुजराती आम्हाला मराठी समजतात, पुण्याला गेलं की आम्ही गुजराती. "मला फावत नाही" म्हटलं की नणंदेच्या सासरचे एकमेकांकडे बघतात. टीव्हीवर गुजराती माणूस आला की तो ढोकळाच खाणार आणि "स्नॅक्स"चं "स्नेक्स"च करणार. इथे माझ्या शेजारी एक गुजराती बाई भौतिकशास्त्र शिकवतात, त्यांना कुठल्या मालिकेत जागा नाही.

अडगुलं

माझा किस्सा घ्या. २००६ च्या आसपास पलासियाजवळ सायबर कॅफेत जीटीए सॅन अँड्रियास हा गेम खेळायचो, शाळा बुडवून. इंग्रजी माध्यम नव्हतं, त्यामुळे माझे इंग्रजीचे पहिले गुरू म्हणजे त्यातले सीजे आणि बिग स्मोक. कॉलेजच्या व्हायव्हात बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, हे प्रॅक्टिकल तू स्वतः केलंस का कॉपी मारलीस? मी छाती काढून म्हणालो, "आय एन्ट कॉपीड नथिंग, सर."

सात मार्क मिळाले वीसपैकी. प्रॅक्टिकल खरंच मीच केलं होतं.

वऱ्हाडी_ठसका

@अडगुलं हसून हसून पुरेवाट 😂 "एन्ट नथिंग"ला सात म्हणजे सर दयाळू होते

भाषेचा_किडा

अडगुलं, सरांना माहीत नसेल पण ते "चुकीचं इंग्रजी" नव्हतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या इंग्रजीचं स्वतःचं पक्कं व्याकरण आहे, दुहेरी नकार त्यात रीतसर चालतो. तसा तो मराठीतही चालतोच की, "कोणी काही नाही बोललं" यात कुणाला काही खटकतं का? किंवा "ही बी वर्किंग" घ्या. ऐकणाऱ्याला वाटतं "इज" म्हणता आलं नाही. पण त्याचा अर्थ "तो आत्ता काम करतोय" असा नाही, "तो कामाला असतो, नेहमी करतो" असा आहे. आपण "करतोय" आणि "करत असतो" यात फरक करतो तसाच. प्रमाण इंग्रजीला त्यासाठी वेगळा शब्द जोडावा लागतो.

सॅन अँड्रियासबद्दल एक सांगायला हवं. त्यात नायकच ती बोली बोलतो, आणि त्याचा भाऊ, बहीण, शत्रू, सगळे बोलतात. म्हणजे बोली हसण्यापुरती ठेवलेली नाही, ती घरची आहे. गुंडांचाच गेम, तेव्हा "काळा म्हणजे टोळीवाला" हा ठसा आहेच, पण निदान बोलणं एकाच्या गळ्यात बांधलेलं नाही. काकांचा "एकलो मैं?" हाच तर प्रश्न आहे.

आता मूळ मुद्दा. गराडूभाऊ, तुमच्या इंदूरपासून ५५ किलोमीटरवर उज्जैन. शूद्रकाचं मृच्छकटिक हे संस्कृत नाटक तिथेच घडतं. त्यात ब्राह्मण चारुदत्त संस्कृत बोलतो, बायका आणि नोकरचाकर वेगवेगळ्या प्राकृतांत बोलतात, आणि राजाचा मेहुणा शकार, जो मूर्ख आणि खलनायक दोन्ही आहे, तो "स"च्या जागी "श" करत बोलतो, नावातच श. रंगमंचावर तोंड उघडलं की प्रेक्षकाला कळलं पाहिजे हा कोण. शाकुंतलातल्या गरीब कोळ्यालाही अशीच मागधी दिलीये. म्हणजे तुमच्या साहेबांनी नवीन काही केलं नाही, नाट्यशास्त्राचाच नियम पाळला.

जपानीत याला नाव आहे, "याकुवारिगो", भूमिकेची भाषा. सातोशी किन्सुई नावाच्या भाषातज्ज्ञांनी २००३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की कार्टून-गेममधला म्हातारा प्रोफेसर "वाशी... जा" असं ज्या पद्धतीने बोलतो तसं खऱ्या जगात कुठलाच प्रोफेसर बोलत नाही, श्रीमंत घरच्या मुलीही तसं बोलत नाहीत, तरी प्रत्येक जपानी मुलाला ती भाषा ओळखता येते. ती माणसांची भाषा नाहीच, पात्रांची आहे. आणि हे भाषांतरात आणखी घोळ घालतं. क्रोनो ट्रिगरमधला बेडूक-योद्धा जपानीत साधा रांगडा बोलतो, १९९५ च्या इंग्रजी आवृत्तीत तो शेक्सपियरच्या जमान्यातलं इंग्रजी बोलू लागला. इंग्रजीत खेळलेल्या सगळ्यांना तो खानदानी सरदार वाटतो.

पुणेरी_पाटी

किडा यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण. पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. शूद्रकाला चाललं, जपान्यांना चाललं, मग गराडूंनाच का टोचणी? आणि प्रमाण भाषा कुणीतरी बोलायला हवीच, नाहीतर गेम कळणार कुणाला?

राजवाडा_रिटर्न

प्रमाणचा विषय निघालाच आहे तर पुणेकरांनी हे ऐका.

मी इंदूरची, लग्न होऊन पुण्यात. पहिल्या दिवाळीला आईबाबा येणार होते, सकाळी बाबांनी सासऱ्यांना फोन केला, "आम्ही स्टेशनवर येऊन गेलो." आपल्याकडे याचा अर्थ आलो, पोहोचलो, झालं. हिंदीचं "आ गए" आहे ते, आपण तसंच मराठीत उतरवलंय. सासरे म्हणाले "अरे वा, कधी? आणि भेटला नाहीत ते?" बाबांना काही कळेना. ते म्हणाले "आत्ताच येऊन गेलो ना!" सासऱ्यांनी फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं, व्याही स्टेशनवर येऊन परत गेले, कशाचा तरी राग आलेला दिसतो. इकडे आईबाबा बाकरवडीच्या स्टॉलपाशी दीड तास बसलेले, डबा मांडीवर, न्यायला कोणी येईना.

आता घरात हा जोक आहे. जाऊबाई कोणी पाहुणे आले की माझ्याकडे बघून "येऊन गेले का गं" म्हणतात. बारा वर्षं. पहिली दोन वर्षं मीही हसले. नंतर लक्षात आलं की मी त्यांच्यासमोर कमी बोलायला लागलेय, बोलायच्या आधी वाक्य मनात तपासून घेते. माझ्या माहेरची मराठी त्यांच्यासाठी गेममधलं पात्र आहे, तोंड उघडलं की हशा.

वऱ्हाडी_ठसका

आम्ही काय सांगून राहिलो मग इतके वर्ष 😄 नागपूरचा माणूस मराठी मालिकेत आला की तो खानावळवाला नाहीतर येडा. आणि हिंदीत गेलं तर सगळ्या महाराष्ट्रालाच तो मान, मोलकरीण नाहीतर हवालदार, "मेरेकू मालूम नहीं साब". पुण्याचे पण त्यात आले हं पाटी साहेब, तिथं सदाशिव पेठ वगैरे नाही पाहत कोणी.

पुणेरी_पाटी

हवालदाराचा मुद्दा मान्य. तो मलाही डोक्यात जातो.

किल्ल्याखालचा

ग्वाल्हेरहून रामराम. आमच्याकडचा ठसा तर विचारूच नका. कुठेही गेलो की "ग्वाल्हेर? म्हणजे चंबळ? डाकू पाहिलेत का?" आमच्या लष्कर भागातल्या वाड्यात सगळ्यात हिंसक घटना म्हणजे श्रीखंडाच्या वाटणीवरून झालेलं भांडण.

लेव्हल नव्वद यांनी काल्पनिक जगाचं सांगितलं, मी खऱ्या देशांचं सांगतो कारण तिथे विनोद जास्त आहे. रेझिडेंट ईव्हिल ४, २००५. गाव स्पेनमधलं, नाणी पेसेटा, आणि गावकरी कुऱ्हाडी घेऊन मागे लागतात तेव्हा शिव्या देतात लॅटिन अमेरिकेच्या ढंगातल्या स्पॅनिशमध्ये. म्हणजे सांगलीच्या खेड्यात भूत दाखवायचं आणि ते भोपाळी हिंदीत ओरडायचं. बनवणाऱ्यांना दोन्ही एकच, "स्पॅनिश".

आपली पाळी हिटमॅन २ मध्ये, २०१८. मुंबईची लेव्हल आहे, गर्दी, रिक्षा, झोपडपट्टी, सगळं मेहनतीने केलंय, मी तासन्‌तास नुसता फिरत होतो. पण ज्यांना मारायचंय त्यांची नावं ऐका. एक दाऊद रंगन, दुसरी वान्या शाह, आणि तिसरा गुप्त डॉन, त्याचं नाव वझीर काळे. वझीर! काळे! मी कंट्रोलर खाली ठेवून बायकोला हाक मारली. ती काळ्यांचीच आहे माहेरची. ती म्हणाली आमच्यात वझीर कोणी नव्हता, एक मोरेश्वर होता तो बुद्धिबळ खेळायचा.

लेव्हल_नव्वद

वझीर काळे 😂😂 मी खेळलोय आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि सगळ्यांचा आजा विसरू नका. स्ट्रीट फायटर २, १९९१, धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, मागे हत्ती, हात ताणून मारतो आणि तोंडाने काय, "योगा फायर". तीस वर्षांहून जास्त झाली, आपला माणूस एवढंच बोलतोय.

अडगुलं

धालसिमला काही बोलायचं नाही. सायबर कॅफेत मी तोच घ्यायचो. दुसरं कोणी आपलं नव्हतंच.

पोहे_जिलबी

आले. मुलं झोपली.

मला या धाग्यात एक भीती वाटतेय की सगळे मिळून गराडूला सांगतील बोली काढून टाक. तसं करू नकोस रे. काढून टाकण्याचं उदाहरणही आहे, असॅसिन्स क्रीड युनिटी, २०१४. फ्रेंच राज्यक्रांती, पॅरिसची गल्ली न्‌ गल्ली, आणि सगळे बोलतात ब्रिटिश इंग्रजी. आधीच्या भागांतला नायक एत्सियो इटालियन वळणाने बोलायचा, मधूनमधून इटालियन शब्द, कोणी मेलं की लॅटिन. खरंखोटं सोडा, पण तो कुठलातरी होता. युनिटीत मला वाटलं लंडनच्या नाटक कंपनीचा दौरा आलाय.

उलट टोक म्हणजे व्हाइस सिटी. मायामीसारखं शहर, क्युबन टोळी, हैतीची टोळी, हैतीची ती बाई चहातून काहीतरी पाजते आणि आपला हिरो तिची कामं करत सुटतो. जादूटोणा, क्रिओल ढंगाचं बोलणं, सगळे ठसे एका जागी. पुढे क्युबन बाजूने खेळताना हैतीच्या लोकांना मारा अशी ओळ होती. २००३ च्या शेवटी अमेरिकेतल्या हैतीच्या लोकांनी मोठा आवाज उठवला तेव्हा कंपनीने पुढच्या प्रतींमधून ती काढायचं कबूल केलं. ओळ गेली, बाई आणि तिचा चहा तिथेच.

म्हणून म्हणते, बोली असावी का नसावी हा प्रश्नच नाही, बोलीत तो माणूस काय बोलतो ते बघ. तुझा चौकीदार मालवीत काय काय बोलतो? जरा ओळी टाक की इथे.

बडोद्याची_ताई

हो टाका. आणि जिलबीताई, इंदूरला जिलबीबरोबर पोहे म्हणजे नक्की कसं खातात, एकाच घासात का आलटून पालटून?

पोहे_जिलबी

आलटून पालटून. वर शेव आणि जिरावन. एकाच घासात खाणारा बाहेरगावचा.

वऱ्हाडी_ठसका

पोह्यावर तर्री पाहिजे. बाकी सब माया.

किल्ल्याखालचा

धागा गेला खाण्यात. संपादक मंडळ झोपलंय का?

भाषेचा_किडा

खाण्यातून बाहेर काढतो. राजवाडा ताईंच्या "कमी बोलायला लागले"वर सांगायचं राहिलं होतं. १९६० मध्ये माँट्रियलमध्ये वॉलेस लॅम्बर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या माणसांकडून एकच मजकूर एकदा इंग्रजीत एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला आणि ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही की आवाज त्याच माणसाचे आहेत. हा माणूस हुशार वाटतो का, विश्वासू वाटतो का, असे गुण द्यायचे होते. इंग्रजीतल्या आवाजाला जास्त गुण मिळाले, तोच माणूस असून. आणि मेख अशी की फ्रेंच भाषकांनीही इंग्रजीलाच झुकतं माप दिलं.

जाऊबाईंचं सोडा, आपण इंदूरचे लोक मुलांना सांगतो ना, "पुण्याला गेलास की नीट मराठी बोल". तेच हे.

पुणेरी_पाटी

हं.

लेव्हल_नव्वद

पाटी यांचा सर्वात छोटा प्रतिसाद, नोंद घ्यावी.

अवांतर: भाषेनेच गेम फिरतो असंही एक उदाहरण आहे. मॉडर्न वॉरफेअर २, २००९, विमानतळाची ती कुप्रसिद्ध लेव्हल. आत जाण्याआधी मकारोव सांगतो, "रिमेंबर, नो रशियन." पहिल्यांदा खेळताना मला वाटलं रशियन माणसांना मारू नका असं म्हणतोय. त्याचा अर्थ रशियन बोलू नका, म्हणजे हल्ला अमेरिकनांनी केला असं वाटेल. लोक भाषा ऐकून माणूस ठरवतात हे त्या खलनायकाला आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

गराडू_प्रेमी

मंडळी, चार दिवस गायब होतो, माफी. सगळं वाचलं. जिलबीताईने ओळी मागितल्या म्हणून माझी फाइल उघडली आणि लाज वाटली. चौकीदाराच्या अकरा ओळी. त्यातल्या सात नुसत्या घाबरण्याच्या किंवा घाबरवण्याच्या, दोन जेवणाच्या, एक शिंक. माहितीची ओळ एकच, तीही तो चुकीची सांगतो. पहिलीच ओळ अशी होती: "ए छोरी, कां जई री हे?"

काल पहाटे काका दूध घालायला आले तेव्हा कागद घेऊन खाली गेलो. म्हटलं काका, खरं सांगा, तुम्ही चौकीदार असता तर असंच बोलला असता का? त्यांनी कॅन खाली ठेवला, चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि म्हणाले, "भिया, यो दारू पियो हे कई?"

मी म्हटलं नाही, का?

"तो फिर मालक की पोती से 'ए छोरी' कैसे बोल रिया हे?"

मग त्यांनी सांगितलं ते असं बोलतील: "बई, तम यां रात में मत आवजो."

बई, तम, आवजो. तीन शब्दांत तीन ठिकाणी मान. मालवीत "आवजो", "बेठजो" म्हणजे अगदी अदबीने सांगणं आहे हे मला माहीतच नव्हतं, जन्म इथे गेला. मी बोलीतला फक्त खडबडीतपणा उचलला होता. शहरातला माणूस बोली लिहायला बसला की आधी "आप" काढून टाकतो, कारण गावचा माणूस असं काही म्हणतच नसेल असं त्याला वाटतं.

नंतर ते जे म्हणाले ते ऐका. मी सहज बिल्डरच्या ओळी वाचून दाखवल्या, "लुक अंकल, धिस प्रॉपर्टी" वगैरे. काका हसायलाच लागले. त्यांच्या भावाची जमीन गेलीये हायवेकडे. म्हणाले, "असो कोई नी बोले. जो जमीन लेवा आवे, वो सबसे मीठी मालवी बोले." इंग्रजी नाही, हिंदीही नाही. ओट्यावर बसतो, चहा मागून घेतो, काकी म्हणतो, गावाचं, देवीचं नाव घेतो आणि मग कागद काढतो.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दुधासाठी ओरडल्या आणि ते गेले.

पोहे_जिलबी

अंगावर काटा आला. बिल्डरला मालवी दे. बाकी काही बदलू नकोस पण हे कर.

वऱ्हाडी_ठसका

यवतमाळकडे पण अगदी असंच. सावकाराची वऱ्हाडी सगळ्यात गोड.

भाषेचा_किडा

शकाराची आठवण काढून मी वाट चुकवली म्हणायची. शूद्रकाने हा बिल्डर पाहिलेला नव्हता.

पुणेरी_पाटी

हे उत्तम आहे. मग चौकीदार आणि बिल्डर दोघेही मालवी, मुलगी हिंदी? काकांचा "बाकी कोई नी बोले असो?" हा प्रश्न तसाच राहतो. तिच्या आजोबांचा वाडा तिथला, ती का नाही बोलत?

(हो, मीच लिहितोय हे. टोमणे नकोत.)

गराडू_प्रेमी

पाटी साहेब, 🙏. तेच अडलंय. सध्या असं लिहिलंय की मुलगी सुरुवातीला हिंदी बोलते आणि तिला "आवजो" कळतं पण म्हणता येत नाही. मला जसं. तिसऱ्या लेव्हलला ती चौकीदाराला पहिल्यांदा "काका, बेठजो" म्हणते, चुकीच्या जागी म्हणते, तो हसतो आणि किल्ली देतो. हसतो म्हणजे तिला, आपल्याला नाही.

आज साहेबांना वाचून दाखवलं. चौकीदाराचं आवडलं. मुलीचं "देखते हैं". बिल्डरवर मात्र हटून बसलेत. म्हणाले, "ये भी मालवी बोलेगा तो लोग विलन को पहचानेंगे कैसे?"

मी म्हटलं सर, नाहीच ओळखणार. तोच तर गेम आहे. उद्या परत मीटिंग.

लेव्हल_नव्वद

साहेबांना सांगा पुण्यातल्या लोकांनी "राजी" नावाचा गेम केला २०२० मध्ये, राजस्थानी वळणाचे महाल, दुर्गा आणि विष्णू निवेदक, आणि तोही आधी इंग्रजीतच बोलला. नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाज आले. खेळून बघा, हिंदीत दुर्गा बोलते तेव्हा तोच गेम आपल्या घरातला वाटतो. तुमची तर पहिल्या दिवसापासून मालवी.

राजवाडा_रिटर्न

आणि आजी? तिच्याबद्दल कोणी विचारलंच नाही. ती कुठली मराठी बोलते? पुण्याची लिहिली असशील तर मी हा धागा सोडून चालले.

गराडू_प्रेमी

छे. आजी इंदूरच्या रामबागेची आहे, माझ्या आजीचीच वाक्यं ढापलीत. पहिला फोन असा येतो: "बाळा, वाड्यावर पोहोचून गेलीस का?"

पुणेरी_पाटी

पोहोचून कुठे गेली?

गराडू_प्रेमी

थांबा. थांबा थांबा. आजोबांच्या चिठ्ठीत "कागद देवघरात ठेवून गेलो" असं आहे, आणि मुलगी ती चिठ्ठी पुण्याच्या मावशीला वाचून दाखवते. मावशी म्हणते, म्हणजे ठेवून ते दुसरीकडे कुठेतरी गेले, तू त्यांच्या मागे जा. आणि कागद तिथेच.

पाटी साहेब, मावशीचा आवाज द्याल का? बाईचा नको असेल तर काका करू.

पुणेरी_पाटी

मानधन काय?

पोहे_जिलबी

पोहे. जिलबी वेगळी.

पुणेरी_पाटी

एक ते चार फोन करू नये.